हक्काच्या इतिहासाची लेखिका

स्त्रियांना मताधिकार दिला गेला, असे आपण सहज बोलून जातो. पण ह्या ‘दिला’ शब्दापाशी थांबून, तो हक्क मुळात हिरावला केव्हा गेला, असा प्रश्न विचारणारी एक विदुषी फिलिपाइन्समध्ये होऊन गेली. तिचे नाव एन्कार्नासिओन आल्झोना.

लागुना प्रांतातील बिन्यान ह्या गावी १८९५ साली तिचा जन्म झाला. तीनच वर्षांनी स्पेनची सत्ता जाऊन अमेरिकेची आली. फिलिपाइन्स विद्यापीठात तिने १९१८ साली एम. ए. साठी प्रबंध लिहिला, तो स्त्रीशिक्षणावर. पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर ती अमेरिकेस गेली आणि १९२३ साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतली. हा मान मिळविणारी ती पहिली फिलिपिनो स्त्री.

मताधिकाराच्या विरोधकांचा आक्षेप असा, की हे परदेशी खूळ आहे. त्याने घरे मोडतील. डॉ. आल्झोना ह्यांनी वाद घातला तो इतिहासाच्या आधारे. १९३४ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाखविले, की स्पॅनिश येण्यापूर्वी तेथील स्त्री मालमत्ता बाळगीत असे, व्यापार करीत असे. तिला पतीच्या अनुमतीने बांधले ते परक्यांच्या कायद्याने. तेव्हा तिची मागणी नवी नव्हती. गेलेले परत मागणे होते.

श्रोतेहो, मिळालेला हक्क पुन्हा कसा जातो, हेही त्यांना पाहावे लागले. १९३३ साली मताधिकाराचा कायदा झाला, आणि १९३५ च्या नव्या राज्यघटनेने तो निष्प्रभ केला. दोन वर्षांत तीन लाख स्त्रियांनी अनुकूल मत दिले तरच हक्क मिळेल, अशी अट पडली. पुरुषांना अशी परीक्षा कोणी घातली नव्हती. ३० एप्रिल १९३७ रोजी ४,४७,७२५ स्त्रियांनी होकार दिला!

पुढे त्यांनी युनेस्कोत देशाचे प्रतिनिधित्व केले. १९८५ साली त्यांना ‘राष्ट्रीय शास्त्रज्ञ’ हा बहुमान लाभला. २००१ साली, वयाच्या एकशेपाचव्या वर्षी, त्या निवर्तल्या.

जुनी दप्तरे चाळणे हा निरुपद्रवी उद्योग समजला जातो. परंतु आपले काय गेले, हे ज्याला ठाऊक नाही, तो ते मागणार तरी कसे? ते ठाऊक करून देणे, हेच डॉ. आल्झोनांचे कार्य होय.