आरमाराचा जमाखर्च

जुनं चित्र समोर आलं की इतिहासाचे प्राध्यापक त्यात काळ पाहतात, चित्रकार रेषा पाहतात. मी पडलो बी. कॉम.; मला आधी रक्कम दिसते! आणि आम्स्टरडॅमच्या क्लास यान्सझून व्हिसरने तांब्याच्या पत्र्यावर जे आरमार कोरलं, त्यातली रक्कम चांगलीच दांडगी आहे.

प्रसंग सप्टेंबर १६२८ चा. क्यूबातल्या मातान्झासच्या आखातात डच वेस्ट इंडिया कंपनीच्या पीट हाइनने स्पेनचा चांदी वाहणारा ताफा गाठला. घाबरलेली स्पॅनिश गलबतं उथळ पाण्यात शिरली आणि रुतून बसली. लढाई अशी फारशी झालीच नाही; वसुलीच झाली म्हणा ना!

वर्तमानपत्रात फोटो येण्यापूर्वीच्या त्या काळात लोकांना बातमी ‘दिसे’ ती अशा चित्रांतून. कागदावर सुलटं उमटावं म्हणून पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं. आमच्याकडे एक आकडा उलटा पडला तर रात्री नऊपर्यंत ताळा लागत नाही. या गृहस्थाने अख्खं आरमार उलटं मांडून ताळा जुळवला!

लूट सुमारे १ कोटी १५ लाख गिल्डरची. भागधारकांना ५० टक्के रोख लाभांश! खलाशांच्या हाती मात्र जेमतेम दीड वर्षाचा पगार. तेव्हा युनियन नव्हती, तरी त्यांनी आम्स्टरडॅममध्ये दंगा केलाच. पीट हाइनचा गावोगाव उदो उदो झाला. ‘पूर्वी जिवावर उदार होऊन लढलो, तेव्हा कुणी विचारलं नाही’ अशी कुरकुर त्याने केली म्हणतात. पुढच्याच वर्षी डंकर्कच्या चाच्यांशी लढताना तो गेला. आणि ताफा गमावणाऱ्या स्पॅनिश बेनाविदेसला १६३४ साली देहदंड झाला.

चित्रात शिडं आहेत, दोरखंड आहेत, धूर आहे. पण ती चांदी मेक्सिकोच्या खाणींतली. पाठीवर खनिजाची ओझी घेऊन शिड्या चढणारे तिथले मूळ रहिवासी त्यात कुठेच नाहीत. स्पेनच्या नावे खर्च, हॉलंडच्या नावे जमा; हिशेब चोख जुळतो. तोच तर मला खटकतो. ज्याचं खातंच कुणी उघडलं नाही, त्याची येणे बाकी दिसणार कुठून?