जस्ताचा बळी

1763 मध्ये इंग्रज आरमाराचे ‘अलार्म’ हे जहाज तपासणीसाठी गोदीत घेतले. लाकूड पोखरणारे किडे लागू नयेत म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याच्या तळावर तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते. पत्रे शाबूत निघाले, खिळ्यांचा मात्र लगदा झाला होता. अपवाद थोड्याच खिळ्यांचा. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले, त्याचे कपटे त्या खिळ्यांपाशी अडकून राहिले होते. कागदामुळे लोखंडाचा तांब्याला स्पर्श झाला नव्हता. आरमाराने धडा घेतला तो एवढाच, की तांब्याजवळ लोखंड नको.

साठ वर्षांनी तक्रार उलटी होती. आता तांबेच झिजत होते, आणि ते महाग. हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने लोखंडाला किंवा जस्ताला मुद्दाम तांब्याशी जोडले. खाऱ्या पाण्यात जस्त आपले इलेक्ट्रॉन सहज सोडते. ते तांब्याकडे जातात आणि तांबे विरघळायचे थांबते. वाटाण्याएवढे जस्त चाळीस-पन्नास चौरस इंच पत्रा राखते, असे त्याने 1824 मध्ये रॉयल सोसायटीला कळवले. आज याला ‘सॅक्रिफिशियल ॲनोड’ म्हणतात.

प्रयोगाच्या जहाजांत ‘समारंग’ होते. ते आपल्याकडचे, कोचीनला सागवानात बांधलेले. बिडाचे तुकडे लावून ते नोव्हा स्कोशियाला जाऊन आले. तांबे जवळजवळ जसेच्या तसे.

घोटाळा झाला तो बंदरात उभ्या असलेल्या जहाजांवर. त्यांच्या तळांवर शेवाळ माजले, शिंपले चिकटले. अशा तळाचे जहाज मंद चालते, आणि लढाऊ जहाजाला ते परवडत नाही. कारण साधे होते. तांब्याचा जो अंश पाण्यात विरघळत असे, त्याच विषाने हे जीव दूर राहत. डेव्हीने झीज थांबवली आणि तिच्याबरोबर विषही थांबले. 1825 पासून आरमाराने हे तुकडे काढायला सुरुवात केली. डेव्हीची भरपूर टिंगल झाली. 1829 मध्ये तो वारला.

याला ‘फसलेला प्रयोग’ म्हणणे मला पटत नाही. विद्युतरसायन चोख होते. पत्रा आणखी एक काम गुपचूप करतो, हे कुणी मोजले नव्हते.

पुढे जहाजे लोखंडाची झाली आणि जस्त परत आले. आता पंख्याजवळ आणि सुकाणूवर जस्ताचे ठोकळे बसवतात, झिजले की बदलतात. शिंपल्यांचा बंदोबस्त तळाच्या रंगाकडे असतो, आणि त्या रंगात बहुधा तांब्याचे ऑक्साइड घातलेले असते.