जवाची दारू आणि मोहाची दारू

इ. स. १८८७ मध्ये आल्फ्रेड बार्नर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थाने एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंड या देशांतील व्हिस्कीच्या दीडशेहून अधिक भट्ट्या त्याने स्वतः हिंडून पाहिल्या व प्रत्येकीचे वर्णन लिहून ठेवले. पाणी कोणत्या ओढ्याचे, तांब्याचे भांडे किती गॅलनांचे, वर्षाकाठी माल किती निघतो, हे सारे त्यात आहे. त्या मालाची चव कशी होती, याविषयी मात्र त्यात फारच थोडे सापडते. त्याच काळी आपल्या मुंबई इलाख्याचे अबकारी खाते मोहाच्या दारूचा हिशेब ठेवीत होते. त्या हिशेबात गॅलन होते, तीव्रतेचे अंश होते, कराचे रुपये-आणे होते. चव हा विषय कोठेच नव्हता.

म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी ही दोन्ही मद्ये चवीच्या बाबतीत सारखीच मुकी होती. आज पाहावे तर एकीवर ग्रंथामागून ग्रंथ निघतात, तिच्या रसिकांची मंडळे भरतात, प्रत्येक बाटलीला शंभरपैकी गुण दिले जातात. आणि दुसरीचा उल्लेख येतो तो बहुधा पोलिसांच्या पंचनाम्यात. हे अंतर धान्य आणि फूल यांच्या अंगच्या गुणांमुळे पडले, की त्याचे कारण आणखी कोठे आहे? या प्रश्नाचा इतिहासाच्या आधारे विचार करावयाचा आहे. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु जी वस्तू मनुष्यजात हजारो वर्षे करीत आली, तिचा इतिहास केवळ नाक मुरडल्याने पुसला जात नाही.

प्रथम हे रसिक काय करतात ते पाहू. 'सिंगल माल्ट' म्हणजे केवळ मोड आणून वाळविलेल्या जवापासून, एकाच भट्टीत, तांब्याच्या भांड्यात गाळलेली आणि किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरविलेली व्हिस्की. स्कॉटलंडातसुद्धा हिला फार काळ स्वतंत्र प्रतिष्ठा नव्हती. इतर धान्यांच्या हलक्या मद्यात मिसळून ती विकली जाई. ग्लेनफिडिक या भट्टीने १९६३ पासून ती स्वतंत्रपणे परदेशी बाजारात आणली. १९८३ मध्ये एडिंबरोजवळच्या लीथ येथे माल्ट-रसिकांची एक संस्था निघाली, आणि १९८९ मध्ये मायकेल जॅक्सन नावाच्या पत्रकाराने शंभरपैकी गुण देणारा मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. हा जॅक्सन गवई नव्हे, त्याच नावाचा दुसरा.

चाखण्याची रीत मोठी शिस्तीची असते. तोंडाशी निमुळता होणारा पेला घ्यावयाचा. त्यात अगदी थोडी व्हिस्की ओतून आधी रंग पाहावयाचा. पण रंगावर भुलावयाचे नाही, कारण स्कॉच व्हिस्कीत जळक्या साखरेचा रंग घालण्यास कायद्याने मुभा आहे. मग वास, मग एक घोट, मग पाण्याचे चार थेंब टाकून पुन्हा वास, आणि शेवटी घोट उतरल्यावर मागे काय रेंगाळते त्याची नोंद. पुष्कळ परीक्षक तर घोट गिळीतही नाहीत, थुंकून टाकतात. आपल्या नाशिक रोडच्या छापखान्यात नोटेचा तपासनीस जशी नजर कमावतो, तसे हे लोक नाक कमावतात. त्यांचा खरा व्यासंग स्मरणशक्तीचा आणि शब्दांचा असतो, पिण्याचा नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी स्कॉटलंडच्या डोंगरी खोऱ्यांत घरोघर चोरट्या भट्ट्या चालत. कर जबर, कायदा जाचक, आणि शेतकऱ्याला जव विकून खंड भरावयाचा, तर गाळून विकणे अधिक परवडे. सरकारी शिपायांनी भट्ट्या फोडाव्यात आणि लोकांनी दुसऱ्या महिन्यात नव्या उभाराव्यात, असा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला होता. अखेर ड्यूक ऑफ गॉर्डन या जमीनदाराने उमरावांच्या सभेत हा प्रश्न मांडला आणि १८२३ मध्ये नवा कायदा झाला. कर खाली आला. वर्षाला दहा पौंड भरून, किमान चाळीस गॅलनांचे भांडे ठेवणाऱ्या कोणालाही परवाना मिळू लागला. याच ड्यूकचे कूळ असलेल्या जॉर्ज स्मिथने १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यात पहिला परवाना काढला. शेजारचे चोरटे भट्टीवाले इतके खवळले, की त्याला कमरेला पिस्तुले लावून हिंडावे लागले. परंतु काल जो गुन्हेगार होता तो आज कारखानदार झाला. भट्टी एका जागी टिकली, पिंपे वर्षानुवर्षे मुरू लागली, बापाची कसब मुलाकडे उघडपणे जाऊ लागली. ज्या मालाला नाव आणि गाव आहे त्याचीच चव माणूस लक्षात ठेवतो. पुढच्या सर्व रसिकतेचा पाया त्या कायद्यात आहे.

आपल्याकडे काय झाले? पेठ, सुरगाणा, दिंडोरी या तालुक्यांच्या डोंगराळ भागात चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. ती फुले वेचावयाची, वाळवावयाची, दुष्काळात भाकरीत घालून खावयाची, बियांचे तेल काढावयाचे, आणि काही फुले आंबवून गाळावयाची. देवाला दाखविण्यासाठी, लग्नासाठी, मर्तिकासाठी. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या गाळण्यावर सरकारची मक्तेदारी बसविली. गावोगावच्या भट्ट्या बंद करून मध्यवर्ती भट्ट्या आणि ठेकेदार आले. १८९२ च्या मोहफूल कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. स्कॉटलंडात कायद्याने चोरट्या भट्टीवाल्याला दाराच्या आत घेतले. येथे घरच्या घरी गाळणाऱ्याला दाराबाहेर काढले.

ही अबकारी लोकांना व्यसनापासून वाचविण्यासाठी होती, असे म्हणावे तर जोतीराव फुल्यांची साक्ष विरुद्ध जाते. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. रानातल्या माणसाची भट्टी फोडावयाची आणि शहराच्या मध्यवस्तीत गुत्ता उघडावयाचा, ही दोन्ही कामे एकाच तिजोरीसाठी चालली होती.

आपल्या नाशिक रोडशी या इतिहासाचा जवळचा संबंध आहे. इंग्रजी अमदानीत येथे स्टॅम्प छापण्याचा कारखाना १९२५ मध्ये आणि नोटांचा १९२८ मध्ये उभा राहिला, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या अमदानीत येथे सरकारी मध्यवर्ती डिस्टिलरीही होती, याचा मात्र विसर पडत चालला आहे. असल्या भट्टीत परीक्षक म्हणजे जीभ नव्हे, तर साइक्सचे मद्यमापक. ते मद्यात सोडावयाचे आणि आकडा वाचावयाचा. सुमारे ५७ टक्के मद्यार्क म्हणजे 'प्रूफ'. त्याच्या पंचवीस अंश खालचा माल एका दराचा, साठ अंश खालचा दुसऱ्या दराचा. आजही कित्येक भारतीय बाटल्यांवर ४२.८ टक्के असा चमत्कारिक आकडा असतो, तो या पंचवीस अंशांच्या हिशेबाचाच अवशेष होय. फुले कोणत्या रानातली, पाणी कुठले, हे विचारण्याचे कारणच उरले नाही. सारा माल एका आकड्यात बुडाला.

स्वराज्यात दारूबंदी आली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा थोर हेतूने झाला, आणि पिण्यासाठी परवाना लागतो हे त्याचे कलम महाराष्ट्रात अद्याप कायम आहे. परंतु बंदीच्या छायेत हातभट्टी फोफावली. तिला ना नाव, ना गाव, ना जबाबदार धनी. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. अशा वेळी चाखणाऱ्याची जीभही वाचवू शकत नाही, कारण मिथेनॉल चवीने ओळखण्याचा भरवसा नसतो. तेथे उपयोगी पडते ती प्रयोगशाळा, आणि आपला माल उघडपणे आपल्या नावावर विकणारा माणूस.

कोणी म्हणेल, हे सारे दारूचे दोष. कायद्याला का दूषण देता? त्यास गोव्याचे उदाहरण पाहावे. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता. काजूच्या भट्ट्या गावात राहिल्या आणि त्यांच्याबरोबर भाषाही राहिली. रस तो निरो, पहिली गाळणी ती हुर्राक, पुढची ती फेणी. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला. फेणीत मोहाहून काही दैवी गुण आहे असे नाही. तिला तिच्या गावातून कोणी हुसकले नाही, एवढेच.

आणि आपल्याकडे जाणकारीची परंपरा नव्हती असेही नाही. चरकसंहितेत आसवांचे चौऱ्याऐंशी प्रकार मोजले आहेत; ते धान्य, फळ, मूळ, फूल, पान, साल अशा उगमांप्रमाणे वर्गवार लावले आहेत, आणि फुलांच्या वर्गात मोहाचे नाव स्पष्ट आहे. आसव हे आंबविलेले, गाळलेले नव्हे, हा भेद खरा; पण वस्तूचे गुण उगमावरून ओळखण्याची ती दृष्टी आजच्या माल्ट-रसिकाहून वेगळी नाही.

आता चक्र फिरून आपल्या दाराशी आले आहे. बंगळूरच्या अमृत भट्टीने २००४ मध्ये आपली माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकली. गोव्याची पॉल जॉन २०१२ मध्ये लंडनला गेली. आणि ज्या दिंडोरी तालुक्याच्या डोंगरात मोह फुलतो, त्याच तालुक्यात गाळलेली एक सिंगल माल्ट २०२२ मध्ये बाजारात आली. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य हवेत उडते. आपल्या उन्हात ते दहा टक्क्यांच्या घरात जाते, म्हणून येथली व्हिस्की लवकर मुरते. त्या थंड देशाची रीत येथे आली आणि येथल्या हवेने ती बदलली.

पण तिचे वर्णन करताना आपले रसिक ज्या हेदरच्या फुलांचा आणि ख्रिसमसच्या केकचा दाखला देतात, ती फुले व तो केक त्यांच्यापैकी कितीकांच्या परिचयाचा आहे? वासाच्या बाबतीत मराठी काही दरिद्री नाही. खमंग, धुरकट, करपट, मातकट, ओशट, खवट, आंबूस, कुबट, दर्प, दरवळ, घमघमाट: इतक्या छटा ज्या भाषेत आहेत, तिने उसने का आणावे? पीटच्या धुरावर वाळविलेल्या जवाची व्हिस्की चुलीशेजारच्या भिंतीसारखी धुरकट लागते. शेरीच्या पिंपातली निफाडच्या मनुकांची आठवण देते. कोवळ्या जवाच्या वासात हुरड्याची ओळख पटते. 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग तर आपण विनोदाने कशालाही लावतो, पण तो मुळात भट्टीवरचा पारिभाषिक शब्द आहे. स्कॉटलंडचा भट्टीवालाही धारा वेगळ्या करतो. मात्र पहिली आणि शेवटची बाजूस काढून तो मधलीच पिंपात भरतो. पहिल्या धारेचा अभिमान आणि मधल्या धारेची निवड, या दोन्ही भट्टीवाल्यांच्या ज्ञानाच्याच गोष्टी होत.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मद्यबंदी करण्याचा किंवा मद्याचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रात मोहफुले वेचण्या-साठविण्यावरचे निर्बंधही उठले. पुढे काय करावयाचे हे त्या त्या गावाने, आणि विशेषतः दारूचे चटके ज्यांना बसतात त्या गावच्या स्त्रियांनी ठरवावे. शहरात बसून आम्ही ते सांगणे योग्य नव्हे. गडचिरोलीच्या लोकांनी चळवळ करून १९९३ मध्ये दारूबंदी मिळविली, तोही असाच एक निर्णय होता. शहरवासीयांनी मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. दिंडोरीच्या कारखान्यातून निघालेल्या बाटलीला जे रसिकतेने नाकाशी नेतात आणि त्याच तालुक्यातल्या मोहाच्या मडक्याकडे पाहून 'गावठी' म्हणून तोंड फिरवितात, त्यांच्या त्या निवाड्यात जिभेचा भाग थोडा आणि १८७८ च्या कायद्याचा भाग मोठा आहे.