सिसरोचा शोक

इ. स. पूर्व ४५ च्या फेब्रुवारीत रोमचा अग्रगण्य वक्ता सिसरो याची लाडकी लेक टुलिया बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत वारली. बापाची साठी नुकतीच उलटली होती. तो ज्या रीतीने रडला आणि त्याच्या रडण्याला रोमने जी नावे ठेवली, तो सारा वृत्तान्त त्याच्याच पत्रव्यवहारात उरला आहे. दुःख आवरणे माणसाला हितकर की अहितकर, हा प्रश्न आपण मानसशास्त्राचा समजतो. मला तो निम्मा तरी इतिहासाचा वाटतो, आणि म्हणून आज सिसरोला साक्षीला बोलावले आहे.

रोमन माणूस पाषाणहृदयी होता असे नाही. इ. स. पूर्व ४५० च्या सुमाराच्या बारा तक्त्यांच्या कायद्याने स्त्रियांना प्रेतामागे गाल ओरबाडण्याची बंदी केली होती. जी गोष्ट घडतच नाही तिच्यावर बंदी कोण घालील? शिवाय थोरामोठ्यांची प्रेतयात्रा मुकी नसे. पुढे वाजंत्री, मोल घेऊन विलाप करणाऱ्या बायका, पूर्वजांचे मुखवटे चढवलेली माणसे! मोलाचे रडणे म्हणून आपण त्याला हसतो. परंतु घरातल्या कर्त्या पुरुषाने कोरड्या डोळ्यांनी उभे राहावे, यासाठी कोणीतरी त्याच्या वाटचे रडत होते, हे विसरून चालणार नाही.

या शिस्तीचा आदर्श म्हणजे ईमिलियस पॉलस. मॅसिडोनिया जिंकून इ. स. पूर्व १६७ मध्ये त्याची विजययात्रा निघाली. तिच्या पाच दिवस आधी त्याचा एक मुलगा गेला, नंतर तीन दिवसांनी दुसरा. थोरले दोघे त्याने पूर्वीच दत्तक दिले होते. घर रिकामे झाले. तो लोकांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, की दैवाचा फेरा येणारच असेल तर तो राष्ट्रावर न येता माझ्या घरावर यावा, अशीच मी प्रार्थना केली होती. इतिहासकार लिव्हीने हे भाषण दिले आहे. रोमच्या वैभवाने त्या बापाला हुंदका गिळण्याचे बळ दिले, आणि गिळलेल्या हुंदक्याला मानही दिला.

सिसरोकडे यांतले काय होते? अधिकार सीझरच्या हाती गेला होता, सभा थंडावली होती. जुन्या बायकोशी काडीमोड झाला होता, नव्या तरुण बायकोशी पटत नव्हते. तो आस्टुराच्या समुद्रकाठी जाऊन राहिला. सकाळीच दाट रानात शिरावे ते संध्याकाळपर्यंत बाहेर येऊ नये, असा त्याचा क्रम झाला.

त्याचा मित्र सुल्पिकियस तेव्हा ग्रीसचा कारभार पाहत होता. त्याने धाडलेले सांत्वनपत्र प्रसिद्धच आहे. जहाजातून जाताना ईजिना, मेगारा, पायरीयस, कॉरिंथ ही एकेकाळची भरभराटीची नगरे त्याला उद्ध्वस्त दिसली. जिथे शहरांची प्रेते पडली आहेत तिथे एका क्षणभंगुर जिवाचा एवढा शोक का, असे त्याच्या मनात आले. मात्र पुढे तो जे सुचवतो ते खरे रोमन आहे: फार रडशील तर लोक म्हणतील, हा लेकीसाठी नव्हे, दुसऱ्या पक्षाच्या विजयासाठी रडतो!

सिसरोने नम्रपणे उत्तर दिले, आणि त्या उत्तराने मला या विषयाची किल्ली दिली. पॉलस आणि त्याच्यासारख्या थोरांनी पुत्रशोक पचवला, कारण राज्यातली प्रतिष्ठा त्यांना आधार द्यायला उभी होती. माझा तो आधार गेला आहे. पूर्वी बाहेरून दुखावून यावे तर घरी लेक होती, आता दोन्ही दारे बंद. म्हणजे उपाय तोच, पथ्य तेच. पण ज्या समाजाच्या जोरावर ते औषध लागू पडत होते, तो समाज मोडला होता.

आजचे संशोधन याच वळणावर आले आहे. जेम्स ग्रॉस व रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९० नंतरच्या दशकात प्रयोग करून दाखवले, की चित्रपट पाहताना भावना लपवायला सांगितली तर चेहरा शांत राहतो, मात्र शरीरावरचा ताण वाढतो. झाले, भावना दाबणे वाईट असा निकाल लागला! पण तपासलेली माणसे होती अमेरिकेतली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भावना दाबण्याची सवय आणि खिन्नता यांची सांगड युरोपीय वंशाच्या अमेरिकनांत आढळली, हाँगकाँगच्या चिनी लोकांत आढळली नाही. संयम जिथे सभ्यता मानला जातो तिथे तो तितका बोचत नसावा. आपल्याकडे दुखवट्याला आलेली म्हातारी सुनेला "रड बाई, मोकळी हो" म्हणते आणि मुलाला "तूच असा खचलास तर कसं?" म्हणते. एकाच घरात, एकाच मृत्यूसाठी ही दोन औषधे!

स्टोइक तत्त्वज्ञ क्रिसिपसने हे ओळखले होते. शोक करणे आपले कर्तव्य आहे, ही समजूत आधी काढा, असे त्याचे म्हणणे. सिसरोने त्याच वर्षी टस्क्युलमच्या संवादांत सर्व पंथांचे उपाय मांडले आणि कबुली दिली, की मन सुजले होते तेव्हा मी सारेच एकदम लावून पाहिले. बाहेरचे रडणे आपण कमी केले, आतले दुःख कमी करता आले नाही, असे त्याने जिवलग मित्र अॅटिकसला कळवले होते. आणि करता आले असते तरी केले नसते, असेही.

टुलियासाठी एक देऊळ उभारावे म्हणून तो महिनोन् महिने टायबरपलीकडच्या बागांच्या किमती विचारत होता. ते झाले नाही. स्वतःच्याच सांत्वनासाठी त्याने लिहिलेला ग्रंथही काळाच्या ओघात हरवला. १५८३ मध्ये व्हेनिसला तो सापडल्याची बातमी उठली आणि छापील प्रतही निघाली; ती बनावट ठरली.