फवारणीचा चष्मा : काचेची निगा

पिकांवर कीटकनाशक मारताना तुषार, उडालेले थेंब किंवा भुकटी डोळ्यांत जाऊ नये म्हणून लावायचा बंदिस्त चष्मा. त्याची काच बहुधा पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची असते. हे प्लॅस्टिक आघाताने सहसा फुटत नाही, पण त्यावर ओरखडे पटकन पडतात आणि काही द्रावकांनी ते तडकते. निगेचे बहुतेक नियम या दोन दोषांमुळे ठरले आहेत.

पार्श्वभूमी : सुलतानपूर (ता. लोणार, जि. बुलढाणा) व आसपासच्या गावांत खरिपात सोयाबीन, तूर व कापूस ही पिके घेतली जातात. चक्रीभुंगा, उंटअळी, बोंडअळी यांसारख्या किडींसाठी पावसाळ्यात फवारण्या होतात. पाठीवरचा हातपंप असो वा बॅटरीपंप, तुषार वाऱ्याबरोबर फवारणाऱ्याच्याच तोंडावर येतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. डोळ्यांची आग व अंधूक दिसणे याही तक्रारी त्या वेळी पुढे आल्या. राज्य शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमले आणि अमरावती विभागात काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. बुलढाणा जिल्हा याच विभागात आहे. कीटकनाशके हाताळणाऱ्याने संरक्षक कपडे वापरावेत, असे कीटकनाशक नियम, १९७१ सांगतात. अंगरखा, हातमोजे व बुटांबरोबर त्यांत चष्म्याचाही समावेश आहे.

रचना : चांगल्या चष्म्याची कड मऊ रबराची किंवा प्लॅस्टिकची असून ती चेहऱ्याला सर्व बाजूंनी टेकते. हवा खेळण्यासाठी त्याला आडवळणाची झाकलेली छिद्रे असतात. उघड्या छिद्रांच्या चष्म्यातून तुषार थेट आत शिरतो. तसा चष्मा ग्राइंडरच्या कामाला चालतो, फवारणीला नाही. डोळ्यांच्या संरक्षक साधनांसाठी आयएस ५९८३ हे भारतीय मानक आहे. युरोपीय मानकानुसार बनवलेल्या चष्म्याच्या चौकटीवर ‘३’ हा अंक असेल, तर तो द्रवाच्या थेंबांपासून व शिंतोड्यांपासून संरक्षण देतो.

पॉलिकार्बोनेटचीच काच पेंटबॉल या खेळाच्या मुखवट्यालाही असते. हा खेळ १९८१ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात सुरू झाला आणि आता लोणावळ्याच्या साहसी क्रीडा केंद्रांतही खेळला जातो. त्यात सुमारे ३ ग्रॅमची रंगाची गोळी सेकंदाला ३०० फुटांपर्यंतच्या वेगाने येते. तो आघात काचेने सोसायचा असतो. गोळीतला रंग साध्या पाण्याने निघतो. त्यामुळे तिथे ओरखडे, धुके आणि आघाताने गेलेले तडे एवढीच काळजी असते. फवारणीच्या चष्म्यावर मात्र विष बसलेले असते, म्हणून त्याच्या स्वच्छतेत आधी हाताची काळजी येते, मग काचेची.

काच खराब होण्याची कारणे : सर्वांत जास्त काचा कोरड्या पुसण्याने जातात. तुषार वाळून बसलेला थर आणि त्यावरची माती दुपट्ट्याने किंवा सदऱ्याच्या टोकाने घासली, की बारीक ओरखडे उठतात आणि उन्हात समोरचे सगळे पांढुरके दिसू लागते. दुसरे कारण द्रावकांचे. नावापुढे ‘ईसी’ असलेल्या औषधांत सेंद्रिय द्रावक असतात. पाण्यात मिसळण्याआधीचा दाट थेंब काचेवर राहिला, तर तिच्यावर जाळीसारख्या बारीक भेगा पडू शकतात. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन आणि अमोनिया असलेली काच-सफाईची द्रवे यांनीही असेच नुकसान होते. धुण्याचा सोडा व इतर तीव्र अल्कली पॉलिकार्बोनेटला मानवत नाहीत.

स्वच्छता : फवारणी संपल्यावर हातमोजे न काढताच चष्मा उतरवावा. विहीर, हौद, नाला व जनावरांच्या पाण्यापासून दूर, वेगळ्या बादलीतले पाणी ओतून काचेवरची माती व औषध आधी वाहून जाऊ द्यावे. या वेळी काच चोळू नये. नंतर कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे थोडे थेंब टाकून बोटांच्या पेरांनी काच, कड व पट्टा धुवावा आणि स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावा. घासणी, राख, माती किंवा दंतमंजन वापरू नये. बोअरचे पाणी जड असल्यास थेंब वाळून पांढरे डाग राहतात, म्हणून ओली काच मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्यावी. हे कापड दुसऱ्या कशालाही वापरू नये. हातमोजे शेवटी धुऊन काढावेत व मग हात साबणाने धुवावेत. घरातल्या मोरीत किंवा भांड्यांच्या जागी चष्मा धुणे टाळावे.

धुके : उष्ण, दमट श्वास व घाम काचेच्या आतल्या बाजूवर गार होऊन बारीक थेंबांच्या रूपात साचतो. मग चष्मा कपाळावर चढतो आणि डोळे उघडे पडतात. धुकेरोधक लेप असलेल्या काचेवर पाणी थेंबांऐवजी सलग पातळ पापुद्र्यासारखे पसरते, म्हणून आरपार दिसत राहते. हा लेप आतून असतो. तो घासू नये, फक्त धुऊन टिपावा. लेप नसेल तर आतून साबणद्रवाचा अगदी पातळ हात फिरवून वाळू द्यावा. त्याचा परिणाम काही वेळ टिकतो. तोंडावरचा मास्क नाकाच्या हाडावर नीट दाबून बसवला, तर श्वास वर येत नाही. धुके पडते म्हणून चष्म्याला स्वतः भोके पाडू नयेत. दुहेरी काच असल्यास ती पाण्यात बुडवून ठेवू नये. मधल्या पोकळीत शिरलेले पाणी निघत नाही.

साठवण व बदल : चष्मा सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत ठेवावा. औषधांच्या डब्यांजवळ, पंपाच्या टाकीवर किंवा उन्हात टांगून ठेवू नये. उन्हातील अतिनील किरणांनी काच कालांतराने पिवळी व ठिसूळ होते. नजरेच्या रेषेत ओरखडे, जाळीदार भेगा, धुऊनही न जाणारा धूसरपणा, ताठ झालेली कड किंवा सैल पट्टा यांपैकी काहीही दिसले, तर चष्मा बदलावा. पॉलिश करून ओरखडे घालवता येत नाहीत. उलट असलेला लेपही निघून जातो.

प्रथमोपचार : चष्मा असूनही औषध डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि औषधाच्या डब्यावरील लेबल सोबत घेऊन ताबडतोब जवळचे आरोग्य केंद्र गाठावे.