खरेदीखतातली एक ओळ

तुमच्या घराचं खरेदीखत तुम्ही शेवटचं कधी उघडून पाहिलंत? वकिलानं बोट दाखवलं तिथे सही केली आणि कागद कपाटात गेले, आपलं सगळ्यांचं असंच. पण आपल्या ओंटॅरिओत एके काळी काही खरेदीखतांत एक ओळ असायची: हे घर अमक्या वंशाच्या माणसाला विकायचं नाही.

ह्युरन सरोवराच्या काठी, ग्रँड बेंडजवळ, बीच ओ'पाइन्स ही उन्हाळी घरांची वसाहत आहे. 1933 साली तिथले प्लॉट विकताना अट घातली गेली, की ज्यू, कृष्णवर्णीय किंवा 'रंगीत' वंशाच्या वा रक्ताच्या माणसाला ही जागा विकता येणार नाही. 'रंगीत' म्हणजे तुम्ही-आम्हीही आलोच. 1948मध्ये ॲनी नोबल यांनी आपलं घर लंडनच्या (इथल्या, साहेबाच्या नव्हे) बर्नार्ड वुल्फ या ज्यू गृहस्थांना विकायचं ठरवलं. शेजारी विरोधात कोर्टात उभे राहिले आणि खालच्या दोन्ही कोर्टांत जिंकले. सुट्टी सुखात जावी म्हणून लोकांनी घातलेली ही साधी, निरुपद्रवी अट आहे, असंच अपील कोर्टाला वाटलं.

नोव्हेंबर 1950मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अट रद्द ठरवली. का, ते मात्र ऐकण्यासारखं आहे. वंशभेद वाईट म्हणून नव्हे! अटीचा जमिनीच्या वापराशी संबंध नाही, आणि अंगात नेमकं किती रक्त असलं म्हणजे माणूस 'त्या' वंशाचा, हे ठरवता येत नाही, म्हणून. त्याआधी 1945मध्ये ईस्ट यॉर्कमधल्या एका प्लॉटच्या खटल्यात न्यायमूर्ती मॅके यांनी अशी अट सार्वजनिक हिताविरुद्ध आहे, असं स्वच्छ सांगितलं होतं. तेवढं धाडस वरच्या कोर्टाला झालं नाही. ओंटॅरिओनं 1950मध्ये कायदा केला, तोही फक्त पुढच्या खरेदीखतांसाठी.

पश्चिमेकडे वेस्ट व्हँकुव्हरच्या ब्रिटिश प्रॉपर्टीज वसाहतीत आफ्रिकी आणि आशियाई वंशाच्या लोकांना राहायला बंदी होती. नोकर म्हणून राहायला हरकत नव्हती.

हे शेजारी कोणी राक्षस नव्हते. घराची किंमत पडेल, वस्ती बदलेल, एवढीच त्यांची भीती. आता आपल्या पार्टीतल्या गप्पा आठवा. 2021च्या जनगणनेत ब्रॅम्प्टनचे निम्म्याहून जास्त रहिवासी दक्षिण आशियाई निघाले, आणि "तो एरिया आता पहिल्यासारखा राहिला नाही" हे वाक्य मी गोऱ्यांपेक्षा आपल्याच माणसांकडून जास्त ऐकलंय. 1917मध्ये बडोद्यात डॉ. आंबेडकरांना पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं, हे आपण मुलांना सांगतो. ऑक्टोबर 2023मध्ये ओंटॅरिओच्या मानवी हक्क आयोगाला जातिभेदाविषयी वेगळं धोरण जाहीर करावं लागलं, हे सांगतो का?

मी हे कोणत्या तोंडानं लिहितोय, तेही सांगतो. चार वर्षांपूर्वी आमचं बेसमेंट भाड्यानं द्यायचं होतं. एका विद्यार्थ्याचा फोन आला. मराठी बोलणारा, नम्र, नुकताच आलेला. भाडं ठरलं, बसचा नंबर सांगून झाला. मग मी सहज विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, ते कशाला लागतं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यानं पुन्हा फोन केला नाही.