दिनविशेष : १० एप्रिल – रोजनिशीतली फ्रेंच वाईन

१६६३ : इंग्लंडच्या नौदल खात्यातील अधिकारी सॅम्युअल पीप्स यांनी लंडनच्या ‘रॉयल ओक’ मद्यालयात एक फ्रेंच रेड वाईन चाखली आणि तिची आगळी चव रोजनिशीत आवर्जून नोंदवली.

ही वाईन शातो ओ-ब्रियोंची. बोर्दो शहरालगतचा हा द्राक्षमळा १६व्या शतकात जाँ द पोंताक यांनी उभा केला. इथल्या खडीच्या जमिनीत पाण्याचा निचरा छान होतो. मर्लो आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षांना ती मानवते.

बोर्दोच्या वाईनच्या १८५५मधील प्रसिद्ध प्रतवारीत पहिल्या श्रेणीचा मान अवघ्या ४ मळ्यांना मिळाला. त्यांपैकी मेदोक परिसराबाहेरचा हा एकमेव! १९३५मध्ये अमेरिकी बँकर क्लॅरेन्स डिलन यांनी तो विकत घेतला. आजही मालकी त्यांच्याच घराण्याकडे आहे.